चौथं नाव

(वरसे गावच्या वाचनालयात सरू संगणकापुढे बसलेली. फोन स्पीकरवर. पलीकडून, धाटावहून, तिची संगणकाची शिक्षिका मुनीरा.)

सरू : नाय गो, चित्रांची खिडकी उघडतच नाय. गरगर फिरते नि मिटते. ती काळी चौकट तेवढी उघडली.

मुनीरा : काळी पुरे, मावशी. वर्गात आपण तिच्यातच शिकलो ना?

सरू : तू समोर असलीस की येतं. नसलीस की ती माझ्याकडं नि मी तिच्याकडं बघत बसते. ये की जरा इकडं! धाटाव काय मुंबई हाय?

मुनीरा : परीक्षा चालू आहे. बारा मुली बसल्यात आत, मी दारात येऊन बोलतेय. आणि तुम्हाला चारची पेणची गाडी पकडायचीय.

सरू : व्हय तर. त्या बोलायला शिकवणाऱ्या मॅडम सहापर्यंतच हायत, मग पंधरा दिवस येत नाय. दोन महिने झाले ह्यांच्या लकव्याला, बोलणंच गेलं, पेणला लेकीच्या, अनिताच्या घरी नुसते छताकडं बघतात. मॅडम म्हणाल्या, त्यांचाच आवाज आणा, ऐकवून बघू.

मुनीरा : काका पोरांसाठी घरी गोष्टी वाचून रेकॉर्ड करायचे, त्याच ना?

सरू : त्याच. सात हायत. दुसरीकडं कुठं त्यांचा आवाज नाय बघ.

मुनीरा : पेनड्राइव्ह लावलात? छान. आता एल, एस आणि एंटर. म्हणजे संगणकाच्या घरात काय काय आहे ते दिसेल. वाचा.

सरू : थांब. मला मनात वाचता येत नाय, तोंडानं म्हटलं तरच कळतं. डी, आर... ड्राइव्ह. मग... मग हजेरी. मग पुस्तके.

मुनीरा : ड्राइव्ह म्हणजे तुमचा पेनड्राइव्ह. पुढे?

सरू : झालं.

मुनीरा : तीनच? मग काकांच्या गोष्टींचं फोल्डर कुठाय?

सरू : हाय की.

मुनीरा : कुठे? तुम्ही तर तीनच वाचलीत.

सरू : हाय गो, जाणार कुठं?

मुनीरा : एक पायरी वर जाऊन बघू. सी, डी, जागा सोडा, दोन टिंबं. एंटर. आता परत एल, एस.

सरू : अगो बाय! सगळं गेलं! हजेरी नाय, पुस्तकं नाय, एकच काय ते वाचन-बिचन लिवलंय. पुसलं गो मी, सगळं पुसलं!

मुनीरा : नाही पुसलं. तुम्ही घरातून अंगणात आलात, एवढंच. नुसतं सी, डी मारा, एंटर. आलात घरी. बघा, आहे सगळं?

सरू : एल, एस... हाय. हुश्श. हे बरं हाय, वाट चुकली की नुसतं सीडी. आमच्या धरमतरच्या खाडीत असतं असलं कायतरी तर माझा भाऊ तीनदा चिखलात रुतला नसता.

मुनीरा : मावशी, पावणेचार होत आले. काल कोण बसलं होतं संगणकावर?

सरू : प्रणित. फॉर्म भरायला.

मुनीरा : त्याने उडवलं असेल. फोल्डर पुसलं तर इथे ते परत येत नाही. या अल्ला.

सरू : त्याला कशाला बोल लावतेस? चांगला पोर हाय तो.

मुनीरा : मग फोल्डर कुठे गेलं? थांबा, मोजून घेऊ. एल, एस, जागा, मग उभी रेघ. एंटरच्या वर आहे ती, शिफ्ट धरून. जागा. डब्ल्यू, सी. जागा. आडवी रेघ, एल. एंटर.

सरू : ...चार.

मुनीरा : काय?

सरू : चार आलंय. आकडा.

मुनीरा : मावशी, यंत्र चार म्हणतंय. तुम्ही तीन वाचलीत. दोनदा. अक्षरं लागत नाहीत का? एकेक सांगा, मी जुळवते.

सरू : अक्षरं लागतात गो. पन्नाशीत शिकले म्हणून काय झालं? पहिल्यांदा नीट वाचलेलं तेच, रेशनकार्डावर. वाचता येतं. घेता येत नाय.

मुनीरा : घेता? काय घेता येत नाही?

सरू : त्यांनी त्या पिशवीला आपलंच नाव दिलंय! हजेरीला हजेरी, पुस्तकांना पुस्तके, नि गोष्टींना स्वतःचं. गोष्टी असं नाव ठेवता आलं नसतं? हसू नको!

मुनीरा : हसत नाही, मावशी. मी इकडे प्रणितला पोलिसात द्यायला निघाले होते.

सरू : चाळीस वर्षं झाली लग्नाला. उखाण्यातसुद्धा मी आडूनच घेतलं. आता ते असे पडलेत नि मी तोंडानं... नको. आज तर नकोच.

मुनीरा : बरं. मग तुम्ही नका घेऊ. लिहा, सी, पी. जागा. आडवी रेघ, आर. जागा. काकांचं पहिलं अक्षर येतं ना?

सरू : जी. ते चालेल. जी नावाचं कुणी नाय आमच्यात.

मुनीरा : एकच जी. आता डावीकडचं टॅब दाबा. लांबट बटण.

सरू : अगो! पुढचं आपोआप लिवलं त्यानं!

मुनीरा : हां. नाव त्याने घेतलं, तुम्ही नाही. आता जागा, ड्राइव्ह लिहा, एंटर.

सरू : लिवलं... मारलं... दिवा लुकलुकतोय. थांबला. आता काय बोलतच नाय.

मुनीरा : बोलला नाही म्हणजे झालं काम. चुकलं तरच बोलतो हा.

सरू : हे कसलं वळण? काम झालं तर गप्प, मग माणसाला कळायचं कसं? मला तर गप्प बसलेल्याची भीतीच वाटते.

मुनीरा : खात्री करून घ्या मग. सी, डी, जागा, ड्राइव्ह. एंटर. परत सी, डी, जागा, जी, टॅब. एंटर. आता प्ले लिहा, पी, एल, ए, वाय. जागा. तीन. टॅब. एंटर.

सरू : खरखर येतेय...

मुनीरा : आला आवाज? मावशी? मला नुसतं पुटपुटल्यासारखं ऐकू येतंय. कुठली गोष्ट आहे?

सरू : गोष्ट नाय अजून सुरू झाली.

मुनीरा : मग काय म्हणतायत काका?

सरू : "सरू, भांडी वाजवू नको गो, रेकॉर्ड चालू हाय." मी वाजवत होते तेव्हा. मुद्दाम. सगळा दिवस पोरांना गोष्टी, नि मला म्हणून एक शब्द नाय, असं वाटायचं.

मुनीरा : मावशी, चारला दहा कमी. पेनड्राइव्ह काढून घ्या, गाडी जाईल.

सरू : साडेचारची हाय अजून एक, वडखळवरून जाते, उभं राहून जाईन. ते पहिलंच वाक्य परत लावायचं तर काय दाबू, तेवढं सांग.