मिठावर पहारा

विश्वास नाही हो ताई कोणाचा, एकाचाही नाही! ओरडून ओरडून घसा बसला माझा — कोणीतरी माझ्या पातेल्यात मीठ टाकतंय, मुद्दाम टाकतंय — तर तो मिशाळ ड्रायव्हर म्हणतो काय, ‘मावशी, भूत असेल.’ भूत! भुताला दुसरा उद्योग नाही, ते सहलीच्या बसमागून गावोगाव हिंडणार आणि माझा रस्सा खारट करणार! आणि तो गाइड, छत्री उंच धरून पुढे पळणारा, तो तर फिदीफिदी हसला. सगळ्या प्रवाशांसमोर. — गरम पाणी ना? देते. थर्मास ठेवा इथे, बसा त्या खोक्यावर. तो नको, त्यात अंडी आहेत, पलीकडचा.

तुम्ही तिसऱ्या रांगेत बसता, खिडकीशी, बरोबर? मग तक्रार तुम्हीच केलीत की काय? कोणीतरी मालकांना फोन केला, ‘तुमची स्वयंपाकीण आम्हाला समुद्राचं पाणी पाजते’ म्हणून. नाही? नुसती मान हलवू नका, माझ्याकडे बघून सांगा. — बरं. सध्यापुरतं धरते खरं. पण काल तुम्ही रश्शाची वाटी तशीच बाजूला सारलीत, ते मी पाहिलंय. मी वाढताना ताटांकडे बघत नाही, हातांकडे बघते. कोण वाटी सारतं, कोण गुपचूप भातावर दही ओततं, कोण उठून पाण्याच्या पिंपाकडे जातं — काल तर पिंप तळाला गेलं.

आणि आता मालक स्वतः येताहेत दुपारच्या जेवणाला. चव बघायला. एकटे येताहेत का? छे! ड्रायव्हरची मेहुणी आहे गाडीत. ‘सहज येतेय, फिरायला.’ सहज फिरायला निघालेली बाई स्वतःची कढई घेऊन निघते का हो? कढई आहे सोबत, मला पक्की बातमी आहे. म्हणजे आज रस्सा बिघडला की मी बसमधून खाली आणि ती वर, रात्रीच्या जेवणाआधीच तिचं बस्तान बसलेलं. आता कळलं ना, मीठ कोण टाकत असेल? मिशांना पीळ देत पातेल्याभोवती घुटमळतो दिवसभर. ‘काय शिजतंय मावशी, वास छान येतोय मावशी.’ वास घ्यायला मिशा पातेल्यात बुडवाव्या लागतात का?

म्हणून मी काय केलं, मिठाची बरणी ट्रंकेत घातली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. हसू नका. सोनं नाही घातलं कधी ट्रंकेत, मीठ घातलं. तरी काल रस्सा खारट तो खारटच! म्हणजे मेला घरूनच पुडी घेऊन आलाय. दुसरं काय?

तुम्ही म्हणाल, जाऊ दे नोकरी, घरी बसावं सुखानं. बसा की तुम्ही! मी चौथीपर्यंत शिकले, बाई. भूगोलाच्या पुस्तकात डोंगराचं चित्र होतं, काळंपांढरं, त्यावर कोणीतरी शाई सांडलेली. या बसवर लागले नसते तर मला डोंगर शाईचाच वाटला असता. आता बघा — बर्फ पाहिला, समुद्र पाहिला, सगळं मागच्या दारानं पाहिलं, पण पाहिलं. तुम्ही लोक पुतळ्यासमोर उभे राहून फोटो काढता. मी गावाला पाण्यावरून ओळखते. कुठल्या गावचं पाणी बटाटा पटकन शिजवतं, कुठलं तास तास रडवतं. आणि गंमत सांगू? एवढे पैसे मोजून एवढ्या लांब येता आणि दुसऱ्याच दिवशी तोंड वाकडं — ‘घरच्यासारखं काही करा हो मावशी.’ मग घर का सोडलंत? पण करते मी. आवडतं मला. आपण वाढलं आणि परक्या गावात माणसाच्या चेहऱ्यावर घर आलं, की... असो. उकळी आली नाही अजून, थांबा.

काय म्हणालात? मी स्वतः चाखून बघत नाही का? हा काय प्रश्न झाला? चाखल्याशिवाय वाढते की काय मी? चाखते! म्हणजे — चाखलं जातं. आमचे हे चाखतात. ते नाही का, भाजी चिरत बसलेले असतात, कानटोपीवाले — ते आमचे हे. मी घालते, ते चाखतात, मी वाढते. पद्धत आहे आमची. — का म्हणजे? पद्धतीला का असतं का?

बरं, बघा, तोंडाबाहेर काढायचं नाही. मागल्या हिवाळ्यात मला ताप आला, तसला, डोकं उठू न देणारा. उतरला, पण जाताना जिभेवरचं सगळं घेऊन गेला. गोड नाही, तिखट नाही, मीठ तर नाहीच. कच्चा कांदा कराकरा चावला मी, डोळ्यांतून पाणी आलं, तोंडात काही नाही. ते पाणी कांद्याचं नव्हतं, ते ह्यांनी ओळखलं बहुतेक. म्हणाले, ‘मी आहे ना चाखायला.’ तेव्हापासून ते माझी जीभ. आणि जीभ कसली बारीक! नुसतं ‘छान’ म्हणून मोकळे होत नाहीत. डोळे मिटतात, चमचा तोंडात फिरवतात, म्हणतात, ‘अजून चिमूटभर.’ मी घालते. ‘अजून किंचित.’ मी घालते. ‘बास! आता नेमकं.’ — मी हे तुम्हाला का सांगत सुटलेय? तुम्ही पाण्याला आलात ना? सांगाल मालकांना, स्वयंपाकीण जिभेनं आंधळी आहे. नाही सांगणार? का नाही सांगणार? तुमचा काय फायदा?

तर ऐका, आलात तर साक्षीदारच व्हा. आज मी सापळा लावलाय. आज रश्शात मी मीठ घातलंच नाही! कणभर नाही. ह्यांनाही सांगितलं नाही, ह्यांच्या पोटात काही राहत नाही. नुसती मूठ फिरवली पातेल्यावर, रिकामी. मग मुद्दाम नळावर गेले, ड्रायव्हरला मोकळं रान दिलं. परत आले, ह्यांना चमचा दिला. ह्यांनी डोळे मिटले, म्हणाले, ‘आज मीठ कसं नेमकं पडलंय!’ नेमकं! मी घातलं नाही आणि नेमकं पडलं, म्हणजे कोणी घातलं? सापडला की नाही मिशाळ? आता येऊ देत मालकांना, त्या मेहुणीसमोर, त्या कढईसमोर सांगते. घ्या, हा चमचा घ्या, फुंकून घ्या, तुमच्या तोंडानं मालकांना सांगायचं — मीठ आहे.

आहे ना?

असा काय चेहरा करता? — काय नाही? नीट घ्या. ढवळून घ्या, तळाला बसलं असेल. — अजिबात नाही? अळणी? कसं अळणी असेल, आत्ता चाखलं ह्यांनी, डोळे मिटून चाखलं, माझ्यासमोर —

थांबा हं.

ताप दोघांना आला होता. त्यांना माझ्यानंतर, दोनच दिवस. मी म्हटलं, पुरुषमाणूस, लवकर सावरला. जन्मभर माझ्या हातच्या कारल्याला नाक मुरडणारा माणूस, आणि हिवाळ्यापासून वाढेन ते मुकाट्यानं खातोय. मी जावेला फोन करून सांगितलं हो, ‘भाऊजींना सांग, तुमचा भाऊ म्हातारपणी सुधारला.’ सुधारला कसला! कडू काढा चहासारखा फुरफुर करत प्यायला परवा. आणि ते ‘अजून चिमूटभर, अजून किंचित’ — ते अंदाजपंचे! नुसतं ‘छान, छान’ म्हटलं तर मला संशय येईल म्हणून! ‘मी आहे ना चाखायला’ म्हणे. अरे, कोणत्या जिभेनं म्हणालास?

बघा कसा चिरतोय खाली मान घालून. गाजराचे काप एकसारखे, नाण्यासारखे. तेवढं एक येतं.

गाडी वाजली ना? मालक असतील. ताई — ऐका, मी कोणाला माझ्या पातेल्याला हात लावू देत नाही, आयुष्यात दिला नाही. ही घ्या किल्ली. ट्रंक उघडा, बरणी काढा, आणि तुमच्या हातानं घाला, चाखत चाखत. माझ्याकडे बघू नका, पातेल्याकडे बघा. कमी वाटलं तर कमीच राहू द्या, वरून घेता येतं. झालं? पुरे? नक्की पुरे? — मी भांडत नाहीये, विचारतेय. झाकण ठेवा. हा तुमचा थर्मास, बूच घट्ट लावा, आणि निघा, इथे उभ्या दिसू नका. ड्रायव्हरला मी बोलले ते माझं मी बघेन, चहाच्या वेळी दोन बिस्किटं जास्त देईन, समजून जाईल. पण तुम्ही विचारलंत आणि किल्ली धरलीत, तेव्हा तुम्हाला तेवढं सांगते, रस्सा कोणी खारट केला ते. मालकांनी गळा धरला तरी त्यांना नाही सांगणार, पण तुम्हाला सांगते —

आमचे हे.