बाळंतिणीला वारा

बसा वो भाऊ, चहा घ्या आधी — गिझर काय पळून चाललाय व्हय? जावयानं नगरवरनं धाडलंय तुमाला सर्व्हिसिंगला, कोरड्या तोंडानं कसं काम करू देऊ? पन आल्या आल्या घरामागं काय गेलात, अन् म्हनं न्हानीची खिडकी कुनी बुजवली? मी बुजवली. ह्या हातांनी. प्लास्टिकचा कागद, वर गोनपाट, फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या — मुंगी शिरायची न्हाई. का म्हनून काय इचारता? लेक बाळंत झालीय माझी, संस्कृती. बाळंतिनीला वारा लागला की जल्माचं दुखनं. तुमच्या आईनं सांगितलं न्हाई व्हय कधी? की ती बी गिझरच दुरुस्त करती?

काय म्हनलात — गॅस जळताना हवा खातो, अन् हवा कोंडली की इषारी वायू तयार हुतो? बरं. दिसतो का त्यो? न्हाई. वास येतो? त्यो बी न्हाई. दिसत न्हाई, वास न्हाई, अन् मानूस मारतो — भाऊ, असलं तर आमच्या गावचा देवरुषी बी सांगतो. माझे केस काय उन्हानं पांढरे झाले न्हाईत.

चक्कर? ती तर येनारच की. बाळंतिनीच्या अंगात रगत असतं कुठं? परवा न्हाताना पडली, पन ती नजर हुती — शेजारची छबूबाई बाळ बघून गेली अन् लगीच ही आडवी. उचलून उंबऱ्याबाहेर आनली, मीठ-मोहऱ्या उतरवल्या, तर घटकेत डोळे उघडले पोरीनं. उतरली का न्हाई नजर? न्हाऊ घालनारी भीमाबाई बी म्हनती डोकं ठनकतं, मळमळतं — दिवसभर तंबाखू चघळल्यावर दुसरं काय हुनार. अन् आमच्या सूनबाई, रेश्मा, मागल्या हिवाळ्यात थंडीची खिडकी लावून न्हाताना तिथंच पडल्या — ते मातर निव्वळ नाटक. माहेरी जायचं हुतं तिला. म्हनलं, ऊठ अन् भाकरी थाप. नजर? सुनेला कोन नजर लावतंय? तिसरा महिना हुता, त्याच आठवड्यात पोटातलं गेलं — मेलीला जपता येईना, अन् बोल मला. आता बसलीय माहेरी. बसू दे.

असं काय बघताय माझ्याकडं? गिझर कुठंय म्हंजी — न्हानीतच की, आत. बसवनारा म्हनत हुता बाहेरच्या भिंतीला लावतो. म्हनलं, बाहेर काय घोडेगावच्या बाजारातल्या म्हशी धुवायच्यात?

आता? आता चालूच हाय त्यो. भीमाबाई न्हाऊ घालतीय दोघांना, लई येळ झाला. पान्याचा आवाज येतोय बघा. कडी आतनं लावलीय, त्याबिगर ऊब ऱ्हात न्हाई. बाळ मघाशी लई रडत हुतं — झालं बघा गप, गुनाचं हाय — अवो, चहा सांडला की. कुठं निघालात? बाया न्हातायत तिथं, काही लाजबीज — भाऊ, दार नका बडवू असं, बाळ दचकंल —

भीमे. ए भीमे, ओ दे की गं.

संस्कृती. बाई, कडी काढ. काढ गं माझी आई.

… माझ्या तोंडाकडं काय बघताय भाऊ? फोडा. फोडा ते दार.