नकाशावरची ‘हिची खोली’

जबाब देणार : स्त्री, वय चौसष्ट वर्षे, धंदा काही नाही, पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षिका. राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, कोपऱ्यावरचे दुमजली घर, तळमजला. नाव व सही ओळखपत्राप्रमाणे.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या पतीसह राहते. वरच्या मजल्यावर माझ्या मोठ्या जाऊबाई एकट्या राहतात. त्यांचे वय सत्त्याहत्तर आहे. त्यांचे पती, म्हणजे माझे मोठे दीर, यांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांना आम्ही सर्व जण दादा म्हणत असू. ते यंत्रांच्या कारखान्यात नकाशे काढण्याचे काम करीत. जाऊबाईंना मी वहिनी म्हणते व या जबाबात पुढे तसेच म्हटले आहे.

पावसाळ्यापूर्वी महापालिकेची नोटीस आली. आमच्या घराच्या वरच्या मजल्याची बांधकाम परवानगी त्यांच्या नोंदीत आढळत नाही, महिनाअखेरपर्यंत मंजूर नकाशा दाखवावा, नाहीतर तो मजला अनधिकृत समजून पाडण्यात येईल, असे तीत लिहिले होते. घरची प्रत वाळवीने खाल्ली आहे. माझ्या पतीला जिना चढउतार होत नाही, म्हणून कागद शोधायला वहिनी आणि मी गेलो.

जागेचे खरेदीखत नोंदणी कार्यालयात लगेच मिळाले. ते सासऱ्यांच्या नावाचे आहे व त्यात जमीन आणि तळमजला एवढेच आहे. वरचा मजला दादांनी नंतर बांधला. त्याची परवानगी महापालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये असेल असे आम्हाला सांगण्यात आले.

रेकॉर्ड रूम तळघरात आहे. तेथील कारकुनांनी आम्हाला चांगली वागणूक दिली, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. त्यांनी वहिनींना स्वतःची खुर्ची दिली व स्वतः शिडीवर चढून धूळ खाल्ली. परंतु घराचा नंबर मधल्या काळात बदललेला, गल्लीचे नावही बदललेले. आमच्या आडनावाखाली फक्त तळमजला सापडला. कारकून म्हणाले, “आजी, खालचा मजला तुमचा. वरचा सध्या हवेत आहे.” वहिनी म्हणाल्या, “मग रोज रात्री मी हवेतच झोपते म्हणायची.” ते हसले आणि परवा या म्हणाले.

ठरल्या दिवशी आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी दारातच सांगितले, “सापडलं!” आडनाव सोडून त्यांनी जमिनीच्या तुकड्याच्या नंबरावरून शोध घेतला होता. रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे ‘धारकाचे नाव’ या रकान्यात एकच शब्द होता : हिची.

हे कसे झाले ते नकाशा उघडल्यावर कळले. नकाशा दादांनी स्वतः काढलेला होता. वरच्या मजल्याला एकच मोठी खोली, पूर्वेला दोन खिडक्या, एक भिंतीतले कपाट. खोलीचा वापर लिहायच्या जागी लोक शयनगृह किंवा बैठक असे लिहितात. दादांनी तेथे ‘हिची खोली’ असे लिहिले होते. ज्या कोणी रजिस्टर लिहिले त्याला ते मालकिणीचे नाव वाटले असावे आणि त्याने ते तसेच उतरवले. त्यामुळे आमची फाईल इतकी वर्षे ‘ह’मध्ये होती.

दादांनी वहिनींचे नाव कधी घेतले नाही. समोर असल्या तर “अगं”, नसल्या तर “हिला विचारा”, “हिचं काय म्हणणं आहे?” आमच्या घरात ‘ही’ म्हटले की दुसरे कोणी असू शकत नव्हते. दादांचे अक्षर मी ओळखते. मी नवीन लग्न होऊन आले, तेव्हा माझ्या शाळेचे तक्ते तेच रंगवून देत. पेन्सिलीला ब्लेडने टोक काढीत, आणि चौकोनी, सरळ उभी अक्षरे लिहीत. आमच्या मिशनरी शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर ते तक्ते बघून विचारीत, हे छापून आणलेत का? हवालदारांच्या मते याची जबाबात गरज नाही. परंतु नकाशा कोणाच्या हातचा आहे हे ओळखणारी मीच असल्याने ते लिहून घ्यावे अशी मी विनंती केली.

कारकुनांनी शेजारच्या टेबलावरच्यांना हाक मारली. “अहो या, मालकीणबाई बघा! आडनाव नाही, गाव नाही, नुसती हिची!” एक जण म्हणाले, “परदेशी पाहुणी दिसते.” दुसरे म्हणाले, “आमच्याकडेही एक हिची आहे. तिच्या खोलीत मला चपला घालून जायची परवानगी नाही.” सगळे हसले. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. मलाही हसू आले.

वहिनी म्हणाल्या, “ही म्हणजे मी.”

शेजारचे आपापल्या टेबलांकडे गेले. कारकून म्हणाले, “माफ करा आजी, मी प्रतीचा अर्ज आणतो.” ते आत गेले. अर्ज भरायला मी खिडकीपाशी गेले. परत वळले तेव्हा खुर्ची रिकामी होती. वहिनींनी नकाशा उचलताना मी पाहिलेले नाही. त्या मला बाहेर बसथांब्यावर भेटल्या. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती.

मी विचारले, “वहिनी, नकाशा कुठे आहे?”

“माझ्याकडे.”

“तो सरकारी कागद आहे.”

“कागद असेल. अक्षर सरकारी नाही.”

घरी आल्यावर त्या वर गेल्या आणि त्या दिवशी जेवायला खाली आल्या नाहीत.

ती खोली त्यांची आहे हे वहिनींना ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते. दादा बोलणारे गृहस्थ नव्हते. त्या काळी खाली आम्ही नऊ माणसे, वहिनींना पाठ टेकायला कोपरा नव्हता, एवढे मला आठवते. मजला बांधून झाल्यावर सगळे त्याला ‘वरची खोली’ म्हणू लागले. पाहुणे आले की वर. नणंदेची दोन बाळंतपणे वर झाली. माझ्या शिकवणीची मुले पुष्कळ वर्षे वर बसत, आणि त्यांचा पसारा आवरायला वहिनी येत. दादा कधी काही म्हणाले नाहीत. ते गेल्यावर वहिनी वर राहायला गेल्या, त्याही मला विचारून.

रेकॉर्ड रूमच्या कारकुनांनी तक्रार दिली, त्याबद्दल माझा त्यांच्यावर राग नाही. फाईलमधला कागद गेला तर त्यांच्या नोकरीवर येते. पोलीस ठाण्यातून निरोप आला, तेव्हा मी व माझे पती वहिनींशी बोललो. नकाशा फाईलमध्ये नसला तर वरच्या मजल्याला काहीच पुरावा राहणार नाही व महिनाअखेरीस तो पाडतील, हे मी त्यांना समजावले. छायाप्रतीवर काम भागणार नाही हेही सांगितले.

वहिनी म्हणाल्या, “म्हणजे कागद ठेवला तर खोली जाणार, खोली ठेवली तर कागद जाणार. त्यांनी एवढं एकच लिहिलंय गं माझ्यासाठी. बाहेरगावी गेले तरी पत्रसुद्धा घरातल्या सगळ्यांना मिळून यायचं.”

माझे पती म्हणाले, “वहिनी, दादाने कागद तुमच्यासाठी नाही केला. खोली केली.”

वहिनी म्हणाल्या, “तुझे दादा असते तर म्हणाले असते, हिला उगीच तळघराचा जिना चढायला लावू नका, नकाशा टाका पोस्टात.” आणि हसल्या. मग रडल्या.

आज सकाळी त्या स्वतःहून निघाल्या. नकाशा दोन उशांच्या अभ्र्यांमध्ये सपाट ठेवून आणला. तो फाटलेला नाही, त्यावर काही खाडाखोड नाही. मंजुरीचा शिक्का ‘हिची खोली’ या शब्दांच्या अगदी वर आहे, तरी अक्षर स्वच्छ वाचता येते. ज्या इंजिनियरांनी शिक्का मारला त्यांनी ते वाचले असणारच, आणि हरकत घेतली नाही.

नकाशा वहिनींनी ठाणे अंमलदारांच्या समक्ष कारकुनांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. आपली तक्रार पुढे चालवायची नाही असे त्यांनी सांगितले व आजच सही-शिक्क्याची प्रत नोटिशीच्या उत्तराला जोडून देतो असे कबूल केले. मग ते म्हणाले, “आजी, रजिस्टरमधलं नाव चुकलंय. एक साधा अर्ज द्या, मी ते खोडून तुमचं खरं नाव घालतो.”

वहिनी म्हणाल्या, “चुकलं कुठे? खोडू नका. खाली कंसात माझं नाव लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला शोधत बसायला नको.”

असे करता येते की नाही हे कारकुनांना ठाऊक नव्हते. करून बघतो म्हणाले.

माझे म्हणणे एवढेच आहे. माझ्या जाऊबाईंनी नकाशा नेला हे खरे आहे व तो परत केला हेही खरे आहे. त्यांच्यावर गुन्हा नोंदवू नये अशी माझी विनंती आहे.

हा जबाब हवालदारांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मला वाचून दाखवला. वहिनी शेजारी बसून ऐकत होत्या. ठाण्यात इतर माणसे बसलेली असल्याने नकाशावरच्या शब्दांपाशी हवालदारांनी आवाज खाली आणला. वहिनी म्हणाल्या, “मोठ्याने वाचा.” त्यांनी ते पुन्हा मोठ्याने वाचले. मी सांगितले तसेच लिहिले आहे, ते बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.