बुधाजीची तहान

लालबागला रेशनच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

“शेवंते, तो बुधाजी आज परत आमच्या नळावर आला.”

“संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून गेला, तो?”

“तोच गो. पाणी मागतो. प्यायला की छातीतल्या भोकातून सगळं बाहेर येतं.”

“देता ना पण? तुमच्या चाळीने फोटोला हार घातलाय त्याच्या. हुतात्मा म्हणता.”

“देतो की. ओंजळीत वरून ओततो.”

“वरून का? तांब्याच द्यायचा हातात.”

“अगो, वरळीचा ना तो. त्यांची माणसं आता बौद्ध झाली.”

“मेल्यावर कसला गो विटाळ?”

“तेच विचारलं त्याने आज.”

“मग?”

“मग काय? तांब्या आणखी वर धरला मी.”