मिरच्यांसकट देऊळ

आगगाडीच्या खिडकीतून आमचा मुलूख बघायचा आणि वर प्रवाशांच्या पुस्तकात छापायचं की सुरत ते भुसावळ बघण्यासारखी इमारत नाही, याला काय म्हणावं?

तेच पुस्तक नव्यानं काढायला एक गोरा साहेब नंदुरबारला उतरला. मी कॉलेजातून सुटीवर आलो होतो. मीच हट्टानं त्याला, त्याच्या शिपायासकट, टांग्यात घालून प्रकाशाला नेलं. तापीकाठचं दगडी देऊळ बघून तो खूश झाला, कॅमेरा तिकाटण्यावर चढवला आणि थबकला. देवळाच्या ओट्यावर लालभडक मिरची वाळत होती, राखणीला एक म्हातारी बसली होती.

"हिला सांग, हे उचल."

म्हातारीला साहेबाचं बोट बघूनच कळलं. ती मला म्हणाली, "वली उचली तं सडी जाई, भाऊ. मन्ही वरीसभरनी मेहनत शे."

मी साहेबाला म्हणालो, "ओली उचलली तर सडेल, तिची वर्षाची मेहनत आहे. फोटो मिरच्यांसकट काढा. आमची देवळं वापरातली आहेत."

"मग तुमचं देऊळ पुस्तकात येणार नाही."

"नको येऊ दे."

त्यानं शिपायाला खराटा मारायला लावला. पहिल्याच फटक्याला तापीवरचा वारा फिरला. शिपाई शिंकत खाली बसला, साहेब डोळे चोळत कॅमेऱ्यामागून पळाला. म्हातारी पसरलेली मिरची शांतपणे सारखी करत राहिली.

डोळे पुसत साहेबानं विचारलं, "हा ओटा रिकामा कधी होतो?"

मी काही बोलायच्या आत टांगेवाला म्हणाला, "मिरची उठनी का तठे जवारी पडी, सायेब."