खोली तिघांची, आम्ही सहा

अरे, रहाटणीत खोली घेतली तेव्हा घरमालकीण सखूआत्यांनी बजावलं होतं, “तिघंच ऱ्हायचं. मोडतोड केली, न्हाईतर चौथा दिसला, तर डिपॉझिट इसरा.”

आम्ही होतो सहा. तिघं दिवसपाळीला, तिघं रातपाळीला. खोलीत कायम तिघंच. फक्त गुरुवारी कंपनीची सुट्टी सगळ्यांना एकदमच असते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्याच गुरुवारी आत्या दारात!

मी तावातावानं म्हणालो, “कामगारानं राहायचं कुठं, आत्या? निवारा त्याचा हक्क आहे!”

“भाषण नगं. तीच तीन पोरं रातंदिस राबत्यात असं वाटून मी तुमचं पानी भरत व्हते!”

“आणि डिपॉझिट?”

“न्हाई बुडवत. पन उद्यापासनं माझं पानी तुमी सहाजणांनी भरायचं.”

अजून भरतोय, राव.