नाडीला नाटक येत नाही

हृदयरोगाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची थोरली बहीण नंबरची वाट बघत बसले होते.

“आता तरी नीट सांग, काय झालं?”

“अगं ताई, नर्सिंग कॉलेजात मुलींना सरावासाठी खोटा पेशंट हवा होता. मी गेलो. पोटदुखीवाला झालो.”

“तुला हौसच दांडगी.”

“असा कण्हलो की वाटलं, आता टाळ्याच पडणार. तर एक बारकीशी मुलगी माझी नाडी धरून बसली, सोडेचना. म्हणे, ठोके मधेच चुकतायत. त्यांच्या बाई म्हणाल्या, ‘अगं, ते आपल्या सरावाच्या कागदात लिहिलेलं नाहीये, पुढे चल.’ पण पोरगी हलायला तयार नाही.”

“आणि तू?”

“मला वाटलं, अभिनय इतका रंगलाय की नाडीसुद्धा साथ देतेय! हळूच म्हणालो, बाळ, मी नाटक करतोय.”

“कमाल आहे तुझी!”

“ती म्हणाली, ‘काका, तुम्ही करताय. नाडी करत नाहीये.’ मग बाईंनी स्वतः नाडी पाहिली आणि इथली चिठ्ठी दिली.”

“आत डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखतं का, तर काय सांगशील?”

“नाही म्हणेन.”

“आणि खरं काय?”

“दोन महिने झाले, ताई. जिना चढताना दुखतं. तुला कळू नये म्हणून मधेच फोन आल्यासारखं करून थांबतो.”

“आणि मी म्हणतेय, या रिकामटेकड्याला एवढे फोन करतं तरी कोण!”

“हसतेस काय?”

“हसत नाहीये रे. चल, ऊठ, आपला नंबर आला. मीही येते आत.”